अंगठ्यांचा हिशेब

बास्केटबॉलमध्ये मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, हा वाद पाच मिनिटांत अंगठ्यांवर येतो. एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळालं की संघातल्या प्रत्येकाच्या बोटात एक अंगठी येते. जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार. जॉर्डनवाल्यांच्या मते विषय तिथेच मिटतो. मग कोणीतरी हळूच रॉबर्ट हॉरीचं नाव काढतं. हॉरीकडे सात अंगठ्या आहेत आणि तो एकदाही ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडलेला, नव्हता. जुन्या काळच्या बिल रसेलकडे तर 13 मोसमांत 11.

‘फायनलमध्ये 6-0’, म्हणजे जॉर्डन सहा फायनल खेळला आणि सहाही जिंकला, हा मुद्दा त्याहून फसवा. जॉर्डनचा शिकागो संघ त्याच्या पहिल्या तिन्ही वर्षी प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत गारद झाला होता, ते या आकड्यात येतच नाही. लेब्रॉनने मात्र 2007 मध्ये, बाविसाव्या वर्षी, क्लीव्हलँडला ओढत फायनलपर्यंत आणलं आणि तिथे 4-0 असा मार खाल्ला, तो हिशेबात पक्का धरला जातो. थोडक्यात, शेवटी हरण्यापेक्षा लवकर घरी गेलेलं बरं! फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार मोजणाऱ्यांनीही जरा जपून. तो पुरस्कार सुरू झाला 1969 ला, म्हणजे रसेलच्या शेवटच्या मोसमात, आणि मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. रसेलच्या नावावर तो एकही नाही. 2009 पासून त्या पुरस्काराला नाव मात्र रसेलचंच आहे.

खरी गंमत रसेलच्याच काळातल्या विल्ट चेंबरलेनपाशी येते. 1961-62 च्या मोसमात त्याची सरासरी होती सामन्याला 50.4 पॉइंट आणि 25.7 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू). (सर्वोत्तम खेळाडू ठरला रसेल. त्या काळी मतदान खेळाडूच करत.) हे आकडे आजच्या खेळात कसे बसवायचे? तेव्हा संघ धावत सुटायचे. एका सामन्यात चेंडू प्रत्येक संघाच्या हाती अंदाजे सव्वाशे वेळा यायचा, आता शंभराच्या आसपास. त्या प्रमाणात कापलं तर 50 चे 40 होतात. पण तेव्हाचा संघ सामन्याला सुमारे 119 पॉइंट करायचा आणि आजचा 114 च्या घरात. संघाच्या पॉइंटांतला वाटा धरला तर उत्तर येतं 48. मोसम तोच, माणूस तोच, फरक आठ पॉइंटांचा. याचं कारण नेमबाजी: तेव्हा फेकी जास्त, पण त्यातल्या जेमतेम 43 टक्के आत जायच्या. हुकलेल्या फेकी इतक्या, की संघाला सामन्यात सत्तरच्या वर रिबाउंड मिळत. आज 44 च्या आसपास मिळतात. म्हणून विल्टचे 25.7 आजच्या मापाने सोळावर येतात. त्याच्या पॉइंटांना फारसा धक्का लागत नाही, रिबाउंड मात्र चांगलेच आटतात.

ब्लॉकबद्दल तर बोलूच नये. ब्लॉक (अडवलेली फेक) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद 1973-74 पासूनची. तोवर रसेल आणि विल्ट दोघेही एनबीएतून बाहेर पडले होते. हकीम ओलाजुवॉनचे 3,830 ब्लॉक हा विक्रम आहे तो ज्यांचे मोजले गेले त्यांच्यातला.

नियमांचा आधार घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी घ्यावा. बचाव करणाऱ्याच्या हात लावण्यावर 2004-05 पासून कडक बंधन आलं, म्हणून ‘आज जॉर्डनने सामन्याला 45 काढले असते’ असं ऐकू येतं. पण झोन बचावाला, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखायला, परवानगी 2001-02 पासूनची; शिकागोतल्या जॉर्डनसमोर कायद्याने उघडी जागा असे. त्यात तीन पॉइंटची रेष (जिच्या मागून टाकलेल्या फेकीला तीन पॉइंट) तीन मोसमांपुरती सगळीकडे 22 फुटांवर आणली होती. ती जवळ असताना 1995-96 ला त्याचे तीन पॉइंटचे 42.7 टक्के नेम लागले, रेष मागे गेल्यावर 1997-98 ला 23.8.

आमचं मत विचाराल तर शिखराच्या उंचीत जॉर्डन, पल्ल्यात लेब्रॉन. भांडण पेटतं ते एकजण उंची आणि दुसरा पल्ला मोजत असतो म्हणून. अन्याय होतो तो करीम अब्दुल-जब्बारवर. सहा विजेतेपदं, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा (जॉर्डन पाच, लेब्रॉन चार), आणि 1984 पासून 7 फेब्रुवारी 2023 पर्यंत सर्वाधिक पॉइंटांचा विक्रम. उंची आणि पल्ला दोन्हींत तो पहिल्या तिघांत बसतो, तरी त्याचं नाव घ्यायला कोणी घसा कोरडा करत नाही. त्याच्या त्या 38,387 पॉइंटांत तीन पॉइंटची यशस्वी फेक एकच आहे.