आंबोळीचा चौथा तुकडा

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबा न्हाणीत घसरून पडले. खुबा मोडला, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया झाली, घरी आले. पाय हळूहळू सुधारला, पण विसरायला लागले. सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना दुपारी सांगता येईना. वय 79. घर डिचोली तालुक्यात, मागे थोडं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. धाकटा भाऊ आणि वहिनी त्यांच्याजवळ, मी म्हापशाला, मधला पुण्याला.

चवथीला सगळे जमलो. आरती झाल्यावर बाबा गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसले आणि म्हणाले, "घर धाकट्याच्या नावावर करून टाकतो. तोच बघतो आम्हांला." मधला भाऊ काही बोलला नाही, उठून अंगणात गेला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. याची मला आजही खंत वाटते.

आठवड्यानं मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लग्नाआधी दोघांनी काही करार केला होता का?" असला करार आमच्याकडे कोण करतं? मग त्यांनी सांगितलं की गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, निम्मी त्याची, निम्मी तिची. कागदावर नाव बाबांचं असलं तरी अर्धं घर आईचं. बाबांच्या अर्ध्यातलाही अर्धा भाग आम्हा मुलांचा राखीव. तो मृत्युपत्रानं मनाला येईल तसा काढून घेता येत नाही. बाबांना हवं त्याला देता येईल ते फक्त उरलेलं, म्हणजे सगळ्या घराचा चौथा हिस्सा.

घरी येऊन मी हे सांगायला लागले तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची आंबोळी उलथण्यानं मधोमध कापली, अर्धी आपल्या बाजूला ओढली, मग दुसऱ्या अर्ध्याचे दोन भाग केले. एक तुकडा उचलून बाबांच्या ताटात ठेवला. "म्हणजे तुम्ही लिहून देणार ते एवढं. आणि ही अर्धी माझी? बावन्न वर्षांत मला कोणी सांगितलं नाही गो."

तिथून सगळं बदललं. आता आईचं काय म्हणणं, हा पहिला प्रश्न झाला. तिचं म्हणणं एकच होतं: "मी आहे तोवर मला ह्या घरातून कोणी हलवता नये. नंतर तुमचं तुम्ही बघा."

बक्षीसपत्राचा विचार वकीलबाईंनी मागे टाकायला लावला. बक्षीसपत्र झालं की मालकी तिथल्या तिथे जाते, मृत्युपत्र मात्र हयात असेपर्यंत बदलता येतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दिलेली मालमत्ता परत मिळवायची सोय आहे, पण सांभाळ करण्याची अट त्या व्यवहारात होती हे दाखवावं लागतं. म्हणून ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांनी ती अट स्पष्ट लिहून घ्यावी, हे मी भेटेल त्याला सांगते.

कागद जमवताना खरा जीव गेला आईच्या नावावर. तिचा जन्म 1951 चा, पेडण्याचा, जन्माची नोंद पोर्तुगीजमध्ये. तिथे एक नाव, 1973 च्या लग्नाच्या नोंदीत सासरचं दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. तिन्ही नावांची बाई एकच, हे प्रतिज्ञापत्र करण्यात महिना गेला. आजोबांच्या मागे बाबा आणि काकांनी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली वाटणी, वेळेवर पुरी केली होती, म्हणून जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर बाबांचं नाव तरी होतं. शेजारच्या घरांचे उतारे अजून पणजोबांच्या नावावर आहेत.

नोव्हेंबरात दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं सब-रजिस्ट्रारपुढे झाली. गोव्यात तेच विशेष नोटरीचं काम बघतात. वकीलबाईंच्या सल्ल्यानं बाबांसाठी डॉक्टरांचा दाखला सोबत नेला होता. साहेबांनी आम्हा मुलांना बाहेर थांबायला सांगितलं. दार उघडंच होतं. "हे कोणाच्या सांगण्यावरून करताय?" बाबा म्हणाले, "माझ्या बायकोशी बोलून." मग मजकूर वाचून दाखवला गेला. सही करताना हात थरथरत होता. प्रत्येक अक्षर सुटं काढत, मध्ये थांबत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. दोन्ही साक्षीदार बाहेरचे होते, ज्यांना काहीच मिळणार नव्हतं असे.

मला वाटलं होतं, मुखत्यारपत्र केलं की पुढची काळजी मिटली. तसं नाही. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात मुखत्यारपत्रही संपतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून बँकेची खाती दोघांच्या नावे करून घेतली आणि नॉमिनीची नावं तपासली. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही, हेही तेव्हाच कळलं.

उपचारांबद्दलचं इच्छापत्र आईनं स्वतः मागितलं. 31 मे 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी गोव्यात असं पहिलं इच्छापत्र नोंदवल्याचं तिनं पेपरात वाचलं होतं. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. बरं होण्याची आशाच नसेल तर यंत्रांवर ठेवू नका, एवढं तिनं लिहिलं. तिच्या वतीनं बोलायला नावं घातली माझं आणि वहिनीचं. मुलग्यांची नाही घातली. वहिनी म्हणाली, "आई, माझं कशाला?" आई म्हणाली, "रात्री उठून तूच येतेस."

मृत्युपत्रात बाबांनी तो चौथा हिस्सा धाकट्याला लिहून दिला. पुण्याचा भाऊ दर महिन्याला बाबांना रात्री सांभाळणाऱ्या बाईचा पगार पाठवतो. त्यानं स्वतःच ते मागून घेतलं.

यंदाच्या चवथीला बाबांनी त्याला ओळखलं नाही. "पावणे कुठले?" म्हणून विचारलं. आईनं त्याचा हात धरून बाबांच्या हातात दिला, आणि बाबांनी तो आरती संपेपर्यंत सोडला नाही.