आईच्या काठीची मूठ: तीन रविवार आणि चार कडा

आईच्या काठीला वरच्या गोळ्याखाली जिथे हात बसतो, तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. घामाने हात सटकायचा. म्हटलं, कातडं चढवून देऊ, तासाभराचं तर काम. तीन रविवार गेले.

पहिला तुकडा जुन्या पर्सचा कापला. शिवून झाल्यावर कडा घासायला घेतल्या, तर नुसती लव निघत राहिली. चपला शिवणाऱ्या काकांना दाखवलं. ते म्हणाले, "हे क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं कातडं. जन्मभर घासलंत तरी कड बसणार नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं घ्या, कोल्हापुरीला असतं तसलं."

घेतलं. मुठीचा घेर दोऱ्याने मोजला, 92 मिलिमीटर. तेवढंच कापलं आणि भिजवून गुंडाळलं. ओलं कातडं ताणलं जातं हे लक्षातच नव्हतं. कडा एकमेकींवर चढल्या. त्यात रात्रभर लोखंडी क्लिपा लावून ठेवल्या. सकाळी प्रत्येक क्लिपेखाली काळाकुट्ट डाग! सालीतलं टॅनिन (कातडं कमावणारं तुरट द्रव्य) आणि लोखंड ओलाव्यात भेटले की असंच होतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांचा काळा रंग होतो तो याच कारणाने. लिंबू चोळून डाग फिकटले, पण तुकडा वायाच गेला.

तिसऱ्या वेळी 88 मिलिमीटरच कापलं. वरची-खालची कड आठ मिलिमीटरच्या पट्टीत रापीने, म्हणजे चांभाराच्या रुंद पात्याच्या सुरीने, अर्ध्या जाडीपर्यंत तासली. अर्धी जाडी आत दुमडली की पुन्हा पूर्ण होते, उंचवटा येत नाही. हे लिहायला सोपं आहे. रापी जरा उभी धरली की आरपार जाते, म्हणून आधी पर्सच्या चिंध्यांवर हात बसवला. मग दुमड चिकटवली.

शिवणीत समोरासमोर येणाऱ्या दोन कडा मात्र शिवण्याआधीच घासायच्या. नंतर तिथे काहीच पोचत नाही, माझं पहिल्यांदा तेच चुकलं होतं. 400 चा, मग 600 चा पॉलिश पेपर. बोट ओलं करून कडेवरून एकदाच फिरवायचं. पाणी जास्त झालं की कड फुगून बाहेर पसरते. मग जीन्सच्या तुकड्याने जोरात घासायचं. कड गरम होते, गडद होते आणि बघता बघता चिंचोक्यासारखी चकाकते. त्यावर मेण.

कडेपासून तीन मिलिमीटर आत, चार-चार मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना 26-26 भोकं आरीने पाडली. संख्या सारखीच हवी, नाहीतर शेवटी कातडं पिळतं. कातडं पुन्हा ओलं करून, क्लिपांऐवजी सुती नाडीने बांधून, एका दोऱ्याला दोन सुया लावून आडवेतिडवे टाके घातले. चार मिलिमीटरची फट टाक्याटाक्याला मिटत गेली.

तळहाताला टोचू नये म्हणून शिवण पुढच्या बाजूला घेतली. आईने काठी हातात घेतली आणि पहिलं बोट नेमकं शिवणीवरूनच फिरवलं. अकराव्या भोकाशी थांबली. तिथला टाका तिरका पडलाय, हे मला माहीत होतं.