कलम १४(ग)चा अर्ज आणि न येणारा अहवाल : माझा अनुभव

आमच्या ग्रामपंचायतीच्या एका सदस्याविरुद्ध मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज केला. वाडीतल्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायवाटेला, लागलेले चिरे, खडी आणि सिमेंट ज्या दुकानातून आलं ते दुकान याच सदस्याचं, आणि त्या दुकानाची बिलं मासिक सभेत मंजूर झाली तेव्हा हजेरीवर सहीही याचीच, असा माझा आरोप होता. कायद्यात यासाठी स्पष्ट तरतूद आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४(१)(ग): पंचायतीच्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य राहता येत नाही. हा प्रश्न कलम १६ खाली जिल्हाधिकारी ठरवतात, आणि अर्ज मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत ठरवायचा असतो. मला अकरा महिने लागले. त्यातले सात महिने एका चौकशी अहवालाची वाट बघण्यात गेले, म्हणून हे लिहिते आहे. गाव, तालुका, सदस्य यांची नावं देत नाही, कारण अपील अजून चालू आहे.

कागद मिळवणं सोपं गेलं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. ‘पाखाडीच्या कामातल्या गैरव्यवहाराची माहिती द्यावी’ असं लिहू नका. माहिती अधिकारी कागद देतो, मत देत नाही. कागदांची नावं घेऊन मागा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, दरपत्रकं, पुरवठादाराची बिलं, प्रमाणकं (व्हाउचर), मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, त्या महिन्यांची नमुना ५ ची रोकडवही, आणि बिल मंजूर करणाऱ्या मासिक सभेचं इतिवृत्त, सह्यांच्या पानासकट. सह्यांचं पान वेगळं लिहून मागावं लागतं, नाहीतर नुसता ठराव हातात येतो. काम पंधराव्या वित्त आयोगातलं असेल तर त्याआधी ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आपली ग्रामपंचायत काढून पैसे कुणाला गेले ते बघून घ्या, म्हणजे नेमकं कोणतं प्रमाणक मागायचं ते कळतं.

बिलावर दुकानाचं नाव असतं आणि ते देवाचं असतं, गावाचं असतं, कशाचंही असतं. बघायचा तो पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की दुकानाच्या नावासोबत नोंदणीतलं कायदेशीर नाव आणि व्यवसायाची जागा दिसते. मालकी एकट्याची असेल तर कायदेशीर नावात माणसाचं नाव येतं. माझ्या अर्जाचा सगळा भार या एका पानावर होता. क्रमांक मुलाच्या किंवा भावाच्या नावावर निघाला तर काम कठीण होतं, कारण नुसतं नातं पुरत नाही. पैशाचा संबंध दाखवावा लागतो: एकत्र कुटुंब, एकच शिधापत्रिका, नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) एकाच घराची नोंद, संयुक्त बँक खातं. हे हातात नसेल तर अर्ज करायची घाई करू नका.

दार कोणतं ठोठवायचं यात बरेच लोक चुकतात. कराराचा हितसंबंध, तीन महिन्यांवर थकलेला कर (१४-ह), सरकारी जागेवरचं अतिक्रमण (१४-ज-३) हे जिल्हाधिकाऱ्यांकडे. कर्तव्यात गैरवर्तन केलं, कामात हयगय केली, असं म्हणायचं असेल तर कलम ३९. त्यात चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी १०६४. हे सगळं एकाच अर्जात कालवलं की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आमदाराबद्दल असाच प्रश्न असेल तर रस्ता पूर्ण वेगळा: संविधानाचं कलम १९२, निर्णय राज्यपालांचा, तोही निवडणूक आयोगाच्या मतानुसार.

आता अहवाल.

विवाद अर्ज दाखल झाला की जिल्हाधिकारी कार्यालय सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, नोटीस काढतं आणि गटविकास अधिकाऱ्यांना पत्र जातं: ‘अर्जाच्या अनुषंगाने चौकशी करून स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा.’ गटविकास अधिकारी ते पत्र विस्तार अधिकाऱ्यांकडे देतात. विस्तार अधिकारी ग्रामपंचायतीकडून अभिलेख आणि खुलासा मागवतात. म्हणजे ज्या सभेने बिल मंजूर केलं तिच्याकडेच प्रश्न परत येतो. ग्रामपंचायतीचं उत्तर त्याच वाटेने वर जातं. प्रत्येक टप्प्यावर आवक, जावक, टपाल, रजा, ग्रामसभेची धावपळ, आणि मध्ये गणपती आले की पंधरा दिवस कुठल्याच टेबलावर काही हलत नाही. माझ्या अर्जात तारीख पडायची, मी जायची, रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, ‘अहवाल अप्राप्त’ लिहिलं जायचं आणि पुढची तारीख मिळायची. सुनावणी साडेअकराची लावतात, पुकारा चारनंतर होतो. वाडीपर्यंतची शेवटची एसटी गाठायची तर घाईने निघावं लागतं. तेवढ्यात पुकारा झाला तर तुमची गैरहजेरी लागते. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्कामाची सोय करूनच जा.

चार महिन्यांनी अहवाल आला. त्यात पाखाडीची लांबी, रुंदी, चिऱ्यांचा थर, काम अंदाजपत्रकाप्रमाणे झाल्याचा दाखला, सगळं होतं. पुरवठादार कोण, हे नव्हतं. मी कामाच्या दर्जाबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. पाखाडी चांगलीच झाली आहे. प्रश्न हितसंबंधाचा होता आणि उत्तर बांधकामाचं आलं. अहवाल परत गेला आणि आणखी तीन महिने गेले. हे आठवलं की मला अजून संताप येतो. या सात महिन्यांत तोच सदस्य मासिक सभांना बसत होता, नवी बिलं मंजूर करत होता. कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी निर्णय देईपर्यंत सदस्यत्व कायम राहतं, त्यामुळे कार्यालयातला प्रत्येक रिकामा दिवस त्याच्या पदरात पडतो.

चूक कुठे झाली ते मला उशिरा कळलं. पत्र मोघम होतं म्हणून अहवाल मोघम आला. चौकशीचे मुद्दे अर्जदाराने स्वतः लिहून द्यायचे आणि पत्रात तेच घालावेत अशी लेखी विनंती पहिल्याच तारखेला करायची. माझे मुद्दे असे असायला हवे होते: अमुक प्रमाणकाचा पुरवठादार कोण, त्याचा जीएसटी क्रमांक कोणाच्या नावे, रक्कम कोणाच्या खात्यात गेली, मंजुरीच्या सभेला सदस्य हजर होता का, आपला संबंध त्याने इतिवृत्तात नोंदवला का. ‘होय’, ‘नाही’ किंवा एका नावाने ज्याचं उत्तर येतं असेच प्रश्न द्या. दुसऱ्या वेळी मी हे केलं आणि दीड पानांत पूर्ण उत्तर आलं.

अहवाल कुठे अडला आहे हे तोंडी विचारून कळत नाही. प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, मग पुढच्या कार्यालयात तोच क्रमांक सांगून आवक क्रमांक विचारा. जिथे साखळी तुटते तिथे कागद आहे. माझं पत्र विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलावर बावन्न दिवस होतं, हे मला असं सापडलं. त्यानंतर माहिती अधिकारात एवढंच विचारा: या क्रमांकाच्या पत्रावर कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने काय कार्यवाही केली. सोबत २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा, ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्याचं कलम १० लिहा. साधारणपणे कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं ते सांगतं. अर्धन्यायिक बाबी, म्हणजे अधिकाऱ्याने सुनावणी घेऊन ठरवायची प्रकरणं, या कायद्यातून वगळल्या आहेत, त्यामुळे सुनावणीच्या तारखांना तो लावता येत नाही. पण टेबलावर पडून राहिलेलं पत्र म्हणजे सुनावणी नव्हे, असं मी लेखी मांडलं, आणि आठ दिवसांत पत्र हललं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे अहवालाशिवाय निर्णय होऊ शकतो. पुरावा अर्जदाराने द्यायचा असतो आणि तो पुरेसा असेल तर जिल्हाधिकारी अभिलेखावरच्या कागदांवर ठरवू शकतात. मी सुरुवातीला साध्या झेरॉक्स जोडल्या होत्या. माहिती अधिकारात मिळणाऱ्या प्रती साक्षांकित मागा, दोन रुपये पान पडतं. त्यांना अनुक्रमणिका लावा आणि सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या. एवढं पहिल्या दिवशी केलं असतं तर ‘अहवालाची वाट न पाहता निर्णय द्यावा’ हा अर्ज मी तिसऱ्या तारखेला देऊ शकले असते. तो मी सहाव्या तारखेला दिला.

तरीही हललं नाही तर उच्च न्यायालय. रिट याचिकेत अपात्रता मागू नका, ‘ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा’ एवढाच आदेश मागा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. रायगडला मात्र मुंबईच. मी वकिलांकडून याचिकेचा मसुदा तयार करून घेतला होता, दाखल करायची वेळ आली नाही.

एक राहिलं. सामान प्रत्यक्ष कुठे उतरवलं याचे फोटो लागणार असतील तर ते जूनच्या आत काढा, तारीख दिसेल असे. एका पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि नवं-जुनं ओळखू येत नाही. पंच म्हणून सही करणारे चाकरमानी असतील तर मे महिन्यातच प्रतिज्ञापत्रं करून घ्या.

सामनेवाल्याचं म्हणणं ठरलेलं असतं: दुकान भाड्याने दिलंय, मुलाला दिलंय, गावात दुसरं दुकानच नाही. त्याला बोलायची पूर्ण संधी मिळू द्या, उलटतपासणी मागितली तर अडवू नका. सुनावणी अपुरी झाली म्हणून आदेश वर रद्द होतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कुटुंबीयांच्या अतिक्रमणातही सदस्याला अपात्र धरलं, पण त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना पुन्हा पदावर आणलं आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला हटवणं हलक्याने घेऊ नये असं बजावलं. दोन्ही निकाल वाचूनच अर्ज लिहा. गावकीतला राग काढायला हे कलम वापरलं तर खरे अर्जही संशयाने पाहिले जातात.

आदेश माझ्या बाजूने लागला. हातात कागद आला तेव्हा पहिल्यांदा शांत झोप लागली. पण त्याविरुद्ध पंधरा दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, आणि आमच्याकडची सुनावणी बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांकडे होते. तिथे स्थगितीचा अर्ज लगेच येतो. म्हणून आदेशाची नक्कल मिळाली त्याच दिवशी ‘आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये’ असा अर्ज आयुक्त कार्यालयात आणि तशाच अर्थाचं कॅव्हेट उच्च न्यायालयात द्यायला हवं. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं, नंतर पुन्हा दाखल करावं लागतं. मी चार दिवस उशिरा पोचले आणि तोवर स्थगिती मिळाली होती. आता ती उठवण्याचा अर्ज दिला आहे. या वेळी साक्षांकित प्रती आणि अनुक्रमणिका पहिल्या दिवसापासून जोडल्या आहेत.