जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालो: जळगाव, धुळे, शहादा

चोपड्याहून सातपुड्याकडे सरकलं की डांबर कुठे संपतं हे सांगायला पाटी लागत नाही. आमचं शेत त्याच अंगाला. पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा झाला की साधी गाडी बांधापर्यंत कशीबशी पोचते, पुढे ट्रॅक्टरचं टोचन. म्हणून यंदाच्या थंडीत ठरवलं, की सात माणसं बसतील, डिझेल असेल आणि चारही चाकं ओढतील अशी जुनी गाडी शोधायची. बजेट तीन लाख, त्यातच कागदपत्रं आणि पहिलं काम. नव्या थारचा विषय घरात आधीच निकाली निघाला होता. आई मागच्या सीटवर चढणार कशी, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

सोबत मेहुणा आणि त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री. मिस्त्री नेणारच असाल तर त्याची दिवसभराची मजुरी आणि जेवण आधीच ठरवा. ‘सौदा झाला तर इतके’ असं अजिबात बोलू नका, कारण मग त्यालाही सौदा व्हावासा वाटू लागतो.

या बजेटमध्ये खानदेशात दिसतात त्या गाड्या ठरलेल्या: सफारी, स्कॉर्पिओ, बोलेरो, क्वचित एखादी सुमो आणि जिप्सी. जिप्सी चिखलात राणी, पण पेट्रोल पिते, मागे बसणाऱ्याची कंबर मोडते आणि हौशी लोकांनी तिचे भाव चढवून ठेवलेत. लष्कराच्या लिलावातली जिप्सी दाखवली तर आधी कागद मागा, बॉनेट नंतर उघडा. आम्ही टाटा सफारी २.२ डायकॉरवर (डायकॉर हे टाटाच्या डिझेल इंजिनाचं नाव) लक्ष ठेवलं. हे इंजिन २००७ पासून आलं, त्याआधीचं ३.० लिटरचं २००५ चं. पहिली सफारी १९९८ ची, पण इतकी जुनी घेणं म्हणजे हौसेचं काम.

सुरुवात जळगावातून. महामार्गालगत जुन्या गाड्यांची दुकानं आहेत, गाड्या पुसून लख्ख उभ्या. पहिल्याच ठिकाणी पांढरी स्कॉर्पिओ, मागच्या दारावर ‘४×४’ असं चकचकीत अक्षर. मिस्त्री काही न बोलता गोणपाट टाकून खाली सरकला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आला. पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शियलच (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) नव्हतं. म्हणजे टू व्हील ड्राइव्ह गाडी, वर बाजारातून आणलेलं अक्षर चिकटवलेलं. पुढाऱ्यांच्या गाड्यांवर हे अक्षर शोभेसाठी लावतात, तिथून ही गाडी आली असावी.

दुसरीकडची सफारी जास्त शिकवून गेली. डिफरन्शियल होतं, गाडीत फोर व्हील लावायचं गोल बटणही होतं. पण टॉर्च मारल्यावर दिसलं, की ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा डबा) पुढच्या तोंडाला दुधाची पिशवी गुंडाळून वर बारीक तार आवळलेली. तिथून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट, काढून टाकलेला. विचारल्यावर उत्तर तयार: “ॲव्हरेजसाठी काढला भाऊ, घरी पडलाय.” बऱ्याचदा असा शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलचे दात गेल्यावर किंवा शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, खडखडायला लागल्यावर काढतात आणि दुरुस्तीचा खर्च पुढच्या मालकासाठी ठेवून देतात. ‘घरी पडलाय’ म्हणत असतील तर तो बसवून द्या म्हणावं, मग बोलू. त्या दुकानदाराने पुन्हा फोन केला नाही.

दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडीत जळगावात असाल तर हे चुकवू नका. मात्र जेवणानंतर गाडी बघायला जाऊ नका, सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात.

धुळ्याला सकाळी पोचा, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड डिझेल इंजिन पहिल्या सेल्फला घेतं का, निळा धूर किती वेळ टिकतो, हे तेव्हाच कळतं. मग चालू इंजिनावर तेलाचं झाकण सैल करा. वाफ जोरात फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्या कामाचा आकडा ऐकून सौदा आपोआप मोडतो.

धुळ्यातल्या गाडीचा मालक दिलखुलास. “गाडी चोख शे भाऊ, एक रुपयानं काम नही,” असं चहा होईपर्यंत ऐकवत होता. गाडी खरंच बरी होती. लळिंगच्या घाटात चढावर चालवली, एसी पूर्ण लावून. खानदेशातल्या गाडीची ही परीक्षा सोडू नका. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, आणि गावोगाव लोक कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओततात. त्या क्षारांनी रेडिएटर आतून बुजतो. सपाटीला काटा जागचा हलत नाही, चढावर मात्र सरकू लागतो. इथे काटा नीट राहिला. गाडी अडली ती आर.सी.वर. कर्जाचा बोजा एका पतसंस्थेचा, आणि ती पतसंस्था कधीचीच बंद पडलेली. कर्ज फिटलं असेलही, पण बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का कोण देणार? अवसायकाच्या (बंद संस्थेचे व्यवहार मिटवणारा अधिकारी) दारात चकरा मारायची तयारी असेल तरच अशा गाडीच्या नादी लागा. आम्ही चहाचे आभार मानून निघालो.

तिथेच एक दिल्ली पासिंगची सफारीही होती, भाव ऐकून मेहुणा खुलला. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडे स्वस्तात येतात. पण तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा हिशेब मांडला की स्वस्ताई बरीचशी विरते.

पुढे दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा. दत्तजयंतीच्या सुमारास गेलात तर सारंगखेड्याला घोड्यांच्या यात्रेची गर्दी असते, वेळ हाताशी ठेवा. तिथे घोड्याचे दात बघितल्याशिवाय कोणी दमडी काढत नाही. आपण मात्र गाडीचे किलोमीटर बघून भुलतो. मीटर मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड आणि ड्रायव्हर सीटचा दबलेला कोपरा यांना तशी कोणी लबाडी शिकवत नाही.

शहाद्याजवळची गाडी एका पपईवाल्या शेतकऱ्याची. सफारी २.२, फोर बाय फोर, २०११, एमएच ३९ (नंदुरबार पासिंग), पहिला मालक. बाहेरून सगळ्यात वाईट दिसणारी हीच. दारावर ओरखडे, पुढचा बंपर एका बाजूने लोंबता, आत पपईच्या क्रेटचा वास. पण खाली शाफ्ट जागेवर, क्रॉसला ताजं ग्रीस, चेसिसला वरवरचा गंज. चेसिसवर नवा काळा रंग दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, मागच्या भागात विशेष.

चाचणीसाठी गोमाईच्या पात्रात उतरलो. थंडीत पात्राचा कडेचा भाग कोरडा, वाळू-गोटे. अशी चाचणी सैल जमिनीवरच घ्यायची. ही पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे गरजेपुरतीच लावायची. कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून वळवली तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि गिअर-शाफ्टवर ताण येतो. ‘इथेच लावून दाखवतो’ म्हणणाऱ्याला रस्त्यावर तसं करू देऊ नका. वाळूत चालत्या गाडीत बटण ४एच वर फिरवलं, खालून टक्क आवाज आला, दिवा लागून स्थिर राहिला. ४एल (चारही चाकं, हळू चाल पण जास्त ओढ, म्हणजे ‘लो’) साठी गाडी थांबवून, क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये बटण फिरवायचं. इथे दिवा लुकलुकत राहिला. मालक म्हणाला, दोन वर्षं लो लावलंच नाही. वर्षानुवर्षं न वापरल्याने शिफ्ट मोटर अडकते किंवा तिचे कनेक्टर गंजतात. मिस्त्रीने खाली जाऊन कनेक्टर काढला, हिरवट बुरशी पुसली, पुन्हा लावला. मग एकदा मागे-पुढे करून ४एल लागलं आणि गाडी ॲक्सिलरेटर न देता गोट्यांवरून मुंगीच्या चालीने चढली. ट्रान्सफर केसचा प्लग सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला: काळपट, पण दुधाळ नाही. दुधाळ असतं तर आत पाणी शिरलेलं.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर बाय फोरमध्ये तीच ओढाताण होते. बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. इथल्या उन्हात नक्षी शाबूत असली तरी कडा तडकतात.

मागणी सव्वातीन लाखांची होती. टायर, क्लच आणि पुढचे बॉल जॉइंट असा खर्चाचा कागद समोर ठेवला आणि दोन लाख पन्नासवर मिटलं. इसार देताना पावतीवर लिहून घेतलं, की बोजा, चलान किंवा टॅक्स निघाल्यास पैसे परत. चलान तिथेच मोबाईलवर तपासलं, दोन निघाली, मालकाने भरली. त्याचा फास्टॅगही बंद करून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी सक्तीची आहे, ती नसेल तर आरटीओचं काम अडतं. ती कोण लावणार ते सौद्यातच ठरवा.

नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मालकाच्या सह्या समोर. राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर घ्यायचा. या वयाच्या गाडीत नोंदणीची १५ वर्षांची मुदत विसरू नका. आमची २०२६ मध्ये संपते. मुदतीच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून पाच वर्षांची वाढ मिळते. फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. गाडी २० वर्षांपुढची असेल तर २०२५ पासून हीच फी १०,००० झाली आहे, म्हणून पहिल्या पिढीतल्या सफारीचा भाव ऐकताना तेवढे मनात वजा करा.

परतीला शिरपूरमार्गे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरला. खड्ड्यांनी पुढच्या बुशची सगळी हकीकत आवाजासकट ऐकवली. ते काम, सगळी तेलं, क्लच आणि चार टायर असं मिळून पन्नास हजारांच्या आत बसेल असा मिस्त्रीचा अंदाज आहे. टायर सर्वांत शेवटी टाकणार, पावसाळ्याच्या तोंडावर. तोपर्यंत महिन्यातून एकदा शेताच्या मऊ वाटेवर ४एल लावून थोडं अंतर चालवायचं, म्हणजे मोटर पुन्हा अडकणार नाही.