ऑन डिलीट कॅस्केड कुठे लावायचं आणि कुठे नाही
रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा बागायतदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो मी. नवीन मुलं कामाला आली की फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीला बांधणारा दुवा) लावताना सगळीकडे ऑन डिलीट कॅस्केड (वरची ओळ डिलीट केली की तिच्याखालच्याही आपोआप जातात) लिहून मोकळी होतात, का तर डिलीट करताना एरर येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. तो एरर यायलाच हवा असतो!

आता बघा, बागायतदाराचं टेबल, त्याच्याखाली पाठवणी, पाठवणीखाली पेट्यांच्या ओळी म्हणजे चार डझनी किती, पाच डझनी किती, आणि माल विकला गेला की वाशीच्या मार्केटमधून येणारी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. पाठवणीच रद्द झाली तर तिच्या पेट्यांच्या ओळी ठेवून करायचंय काय, तिथे कॅस्केड एकदम बरोबर. पण वरपासून खालपर्यंत कॅस्केड असेल आणि नाव दोनदा पडलंय म्हणून कुणी एक बागायतदार उडवला, तर त्याच्या पाठवण्या, पेट्या, पट्ट्या सगळं जातं आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस शांतपणे सांगतो ‘डिलीट १’, कारण कॅस्केडने गेलेल्या ओळी तो त्यात मोजतच नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचंही तेच.

म्हणून जिथे पैसा आहे तिथे रिस्ट्रिक्ट (खाली ओळी असतील तर वरची डिलीटच होऊ देत नाही), यात माझ्याकडून तडजोड नाही. दलाल बदलला तरी जुन्या पट्टीवर त्याचं नाव राहिलंच पाहिजे, त्याला डिलीट नाही करायचं, फक्त बंद म्हणून खूण करायची. गाडीच्या ड्रायव्हरला सेट नल (तो डिलीट झाला की पाठवणीतली त्याची जागा रिकामी होते) चालतं, फक्त तो कॉलम नल घेणारा हवा.

अजून एक, पोस्टग्रेस चाइल्ड म्हणजे खालच्या टेबलच्या फॉरेन कीवर आपणहून इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, बनवत नाही (मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन बनवतं), त्यामुळे पेट्यांच्या लाखभर ओळी झाल्या की एक पाठवणी काढायला पण अख्खं टेबल चाळलं जातं, आणि लोक म्हणतात सर्व्हर स्लो आहे. इंडेक्स टाका हो. आणि पॅकिंगच्या शेडमधल्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असेल तर त्यात फॉरेन की तपासणी मुळात बंदच असते, दर कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंगची कमांड देऊन चालू करावी लागते.

डबल नावाचं म्हणाल तर एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) आधी त्याच्या सगळ्या पाठवण्या खऱ्या नावाच्या आयडीवर अपडेट करायच्या, मग डबल रेकॉर्ड डिलीट करायचं, एखादी पाठवणी राहून गेली असेल तर रिस्ट्रिक्ट तिथेच अडवतो, मग रोलबॅक करून, म्हणजे केलेलं सगळं मागे घेऊन, ती शोधायची आणि परत चालवायचं.