सायलेन्सरातली चोरी

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना माझी टू-स्ट्रोक मोटारसायकल आरएक्स १०० मेस्त्रीकडे दिली. "सायलेन्सर म्हणजे पोकळ नळकांडं," तो म्हणाला. पोकळ! अहो, त्या पोटाच्या घडणीतच तर सगळी करामत. धुरासोबत गेलेली दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परतते आणि निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत इंजिनिअर वाल्टर काडेननं हे असं साधलं की १९६१ साली १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती निघाली. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पूर्व जर्मनी सोडून पळाला आणि गुपितं सुझुकीकडे गेली. १९६२चं ५० सीसीचं जगज्जेतेपद डेग्नरचं, सुझुकीवर. काडेनचा मला फार कळवळा येतो.

मेस्त्री तोवर नळकांड्यातली काजळी खरवडत होता.