आईच्या नावापुढची खूण

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते, आणि एकदाच लिहिते. जिने बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि जी आजही इंग्रजी वर्तमानपत्र वाचून काढते, त्या आईचे इंग्रजी ‘फारसे चांगले नाही’ असे अमेरिकेच्या सरकारी फॉर्मवर मी का लिहिले, हे मामापासून मावसबहिणीपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे.

जनगणना खात्याच्या त्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’त पाच वर्षांवरील प्रत्येकाबद्दल विचारतात की घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता आणि इंग्रजी कितपत बोलता. चौकोन चार: फार चांगले, चांगले, फारसे चांगले नाही, अजिबात नाही. परीक्षा कोणी घेत नाही. घरातल्या एकाने सर्वांच्या वतीने ठरवायचे असते. प्रश्न बोलण्याचा आहे, वाचण्याचा नाही, एवढे तरी ध्यानात घ्या.

त्याआधी वर्षभर रुग्णालयाच्या नोंदणीत ‘दुभाषी हवा का’ यापुढे मीच ‘नको’ लिहिले होते. माझ्या आईला दुभाषी लागावा याची मला लाज वाटली होती. मी गाडी लावायला गेले तेवढ्यात परिचारिकेने भराभर विचारले, ‘यू आर नॉट टेकिंग एनी ब्लड थिनर्स, राइट?’ म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे घेत नाही ना. आई म्हणाली, ‘यस.’ मनात ‘हो, घेत नाही’ असे होते. समोरच्या बाईंना मात्र ते ‘घेते’ असे ऐकू आले. त्यांनी पुन्हा, मोठ्याने आणि तितक्याच भराभर विचारले, आईने पुन्हा ‘यस’ म्हटले, तेव्हा त्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडे वळल्या. मुलीने जमेल तसे मराठी केले: ‘आजी, तुझं रक्त पातळ झालंय का?’ मी पोहोचले तेव्हा आई खाटेच्या कडेला नातीचा हात घट्ट धरून बसली होती. रक्तदाब इतका चढला होता की तपासणी पुढे ढकलावी लागली. तातडीची वेळ नसेल तर मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेऊ नये असा नियम तिथे आहे, हे मला नंतर कळले. म्हणून दोष त्यांचाही आहे. पण ‘नको’ माझ्या हातचे होते.

मग फॉर्मवर ‘चांगले’ तरी लिहायचे होतेस, असे आई म्हणते. त्याने हिशेब बदलला नसता, कारण ‘फार चांगले’च्या खालचे सगळे मर्यादित इंग्रजीवाल्यांतच धरतात. या मोजणीवरून कुठल्या भागात मतपत्रिका इतर भाषांतही द्यायच्या ते ठरते, हेही मी तिला सांगितले. ‘ते ठीक आहे गं,’ ती म्हणाली, ‘पण मला विचारायचं होतंस.’ ते मी विचारले नव्हते, हे खरे.

मुलीच्या नावापुढे मी ‘फार चांगले’वर खूण केली. तिची मराठी कितपत, याला फॉर्मवर चौकोन नाही. असता तर कुठे खूण केली असती, हे मात्र तुम्ही अजून विचारलेले नाही.